एका ट्रॉलीमागे एक इंच

शिवडीच्या बीडीडी चाळीतल्या काकींच्या खोलीची स्वयंपाकाची भिंत एकदा पाहिली आणि मनातून जाईना. १६० चौरस फुटांत झोपणं, अभ्यास, देव, मोरी सगळं; पण त्या भिंतीचा वीतभर तुकडाही वाया गेलेला नव्हता. जुनी मांडणी गंजली म्हणून नवी बसणार असं कळलं, तेव्हा मी मुद्दाम गेले.

काकींच्या सुनेला मात्र ओट्याखाली ट्रॉल्या हव्या होत्या. मिस्त्रींनी टेप लावली. "एका ट्रॉलीमागे एक इंच जातो, वहिनी." दोन्ही बाजूंच्या चॅनेलला अर्धा-अर्धा इंच, मधल्या प्लायची जाडी वेगळी. ओटा २४ इंच खोल, चॅनेल २० इंचांचं. मागचे चार इंच झुरळांचे. मोठ्या घरात एक इंच कुणी मोजत नाही. इथे तीन ट्रॉल्यांचे तीन इंच म्हणजे डब्यांची एक उभी रांग.

सिलिंडरच्या खणाला त्यांनी दार ठेवलं नाही. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. तो भाग मोकळाच हवा. भिंत १९२०च्या दशकातली, सिमेंट काँक्रीटची. खडी लागली की ड्रिल सरकायचं आणि मिस्त्री भोक बदलायचे.

तेवढ्यात काकींनी मसाल्याची बरणी उतरवली. झाकण जरासं सैल झालं आणि भाजलेली मिरची, धणे, वर ठेवलेले हिंगाचे खडे असा वास खोलीभर झाला. बोलणं चॅनेलचं चाललं होतं, माझं लक्ष मात्र पुन्हापुन्हा त्या बरणीकडे. वर्षाचा मालवणी मसाला. ही शेगडीच्या वर ठेवायची नाही, वाफ लागली की मसाला गेला, असं काकींनी बजावलं. आठवड्यापुरता छोट्या डब्यात काढायचा, म्हणजे बरणी सारखी उघडावी लागत नाही. त्यांची वाटणी पक्की आहे: रोजचं कमरेपासून डोळ्यांपर्यंत, आठवड्याचं डोक्यावर, सणाची पातेली पोटमाळ्यावर. तांदळाचं पिंप जमिनीवर, कारण ते कुणी उचलत नाही. इतका नेमका आराखडा मी चकचकीत दुकानांतल्या स्वयंपाकघरांत पाहिलेला नाही. तिथे आधी कप्पे ठरतात, मग माणसांनी त्यांत मावायचं.

मला मांडणीच पटते. ताट, वाटी, डबा समोर दिसतो, आणि आहे ते पुन्हा विकत आणलं जात नाही. पण सून म्हणाली, "तेलकट थर मला काढावा लागतो, दर शनिवारी, सोडा घालून." मिस्त्रींच्या एका इंचात तिचे हात धरलेले नव्हते. तिचं म्हणणं खरंच होतं, आणि काकींनीही ते खोडलं नाही.

"मग शेगडी खिडकीशी घ्या. धूर बाहेर जाईल," सून म्हणाली.

मिस्त्रींनी पुन्हा मोजलं. शेगडी सरकली तर दीड मीटरची नळी सिलिंडरपर्यंत पोचत नव्हती. सिलिंडर सरकवायचा तर पिंपाची जागा जाणार. काकी थोडा वेळ पिंपाकडे बघत राहिल्या.

"पिंप पलंगाखाली घाला," त्या म्हणाल्या. "बुटकं आणू."

वरळीच्या बीडीडी चाळकऱ्यांना पुनर्विकासात आता ५०० चौरस फुटांची घरं मिळू लागली आहेत. शिवडीच्या १२ इमारती अजून तशाच आहेत. इथला मुक्काम लांबणार, म्हणून मिस्त्रींनी मांडणी खिळ्यांवर न टांगता जाड बोल्टांवर घेतली.