एक शब्द, अनेक अर्थ

युरोपातील पुष्कळ भाषांची लिपी एकच, रोमन आहे. त्यामुळे एका भाषेतील शब्द दुसरीत जसाच्या तसा दिसला, की अर्थही तोच असावा, असा समज सहज होतो. तो अनेकदा फसवा ठरतो. अशा शब्दांना फ्रेंचमध्ये ‘खोटे मित्र’ म्हणतात. कोसलर व देरोकिन्यी यांच्या १९२८ सालच्या ग्रंथापासून ही संज्ञा रूढ झाली.

काही रूपे केवळ योगायोगाने जुळतात. इटालियनमध्ये ‘बुर्रो’ म्हणजे लोणी. त्याच अक्षरांचा स्पॅनिश शब्द म्हणजे गाढव. पहिल्याचे मूळ लोणी या अर्थाच्या लॅटिन शब्दात, तर दुसऱ्याचे लहान घोड्याच्या नावात आहे. कालौघात उच्चार बदलत गेले आणि दोन्ही शब्द एका रूपात येऊन थांबले.

काही ठिकाणी याच्या उलट घडते. इंग्रजीत ‘गिफ्ट’ म्हणजे भेटवस्तू, जर्मनमध्ये विष. स्वीडिशमध्ये तर विष आणि ‘विवाहित’ असे दोन्ही अर्थ. वस्तुतः या सर्वांच्या मुळाशी ‘देणे’ हाच धातू आहे. रोग्याला दिलेली औषधाची मात्रा, त्यावरून विष, असा जर्मन अर्थाचा प्रवास झाला. आपण ‘मुलगी दिली’ म्हणतो, त्याच रीतीने विवाहाचा अर्थ आला. जर्मनमधील ‘मिटगिफ्ट’ (हुंडा) या शब्दात देण्याचा जुना अर्थ आजही टिकून आहे.

हा विषय केवळ कुतूहलाचा नाही. १९८० साली अमेरिकेतील फ्लोरिडात एका अठरा वर्षांच्या बेशुद्ध तरुणाला रुग्णालयात आणले गेले. अन्नातून विषबाधा झाली असावी, या समजुतीने आप्तांनी ‘इंतोक्सिकादो’ हा स्पॅनिश शब्द वापरला. त्याच्याशी मिळताजुळता इंग्रजी शब्द नशेचा वाचक असल्याने अमली पदार्थांच्या अतिसेवनाचे उपचार सुरू झाले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव झाला होता. निदानास विलंब झाला आणि तो तरुण हातापायांनी कायमचा पंगू झाला.

आपल्याकडेही हिंदीतील ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, तर मराठीत दंड. एकाच संस्कृत शब्दाची ही दोन रूपे आपण रोज ऐकतो. म्हणून परभाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्याने ओळखीचा वाटणारा शब्दही कोशात पाहावा आणि वाक्यातील त्याचा उपयोग तपासावा. अनोळखी शब्दापाशी आपण आपोआप थांबतो. ओळखीच्या शब्दापाशी थांबण्याची सवय मात्र जाणीवपूर्वक लावून घ्यावी लागते.