फूल आले, फळ का धरत नाही?

परसबागेत किंवा गच्चीवरच्या कुंड्यांत भाजीपाला लावणाऱ्यांची एक तक्रार सर्वत्र ऐकू येते: वेल फुलांनी भरतो, पण फळ धरत नाही. अशा वेळी खत वाढवले जाते, पाणी कमीजास्त केले जाते. पण पुष्कळदा उणीव मातीत नसून त्या फुलाकडे येणाऱ्या पाहुण्याची असते.

फुलातील पुंकेसराच्या टोकाशी असलेल्या परागकोशात परागकण तयार होतात आणि ते स्त्रीकेसराच्या टोकावर, म्हणजे कुक्षीवर, पोहोचले की त्या क्रियेला परागीभवन म्हणतात. त्यानंतर परागकणातून निघालेली नलिका अंडाशयातील बीजांडापर्यंत जाते, बी तयार होऊ लागते आणि तिच्याभोवती फळ पोसले जाते. गहू, मका यांसारखी गवतवर्गीय पिके हे काम वाऱ्यावर किंवा स्वतःच्याच फुलावर सोपवतात. लाल भोपळ्याला मात्र तसे करता येत नाही, कारण त्याची नर व मादी फुले वेगवेगळी असतात आणि परागकण मोठे, काटेरी व चिकट असल्याने वारा ते उचलू शकत नाही. मादी फूल पाकळ्यांखालच्या इवल्या भोपळ्यावरून ओळखता येते. ते पहाटे उमलते आणि दुपारच्या आत कायमचे मिटते, त्यामुळे त्या काही तासांत मधमाशी फिरकली नाही तर तो इवला भोपळा पिवळा पडून गळतो, आणि ती आली पण परागकण अपुरे पडले तर फळ वाकडे किंवा अर्धवट पोसलेले निघते. वेलावर सुरुवातीला बहुधा नर फुलेच येतात, म्हणून त्यांच्या गळण्याने धास्तावण्याचे कारण नाही.

फुलाचा रंग, गंध आणि घडण यांचा कीटकांशी संबंध असतो, हे जर्मन शिक्षक ख्रिस्तियान कोनराड श्प्रेंगेल यांनी 1793 मध्ये ग्रंथरूपाने मांडले, पण त्यांच्या हयातीत त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. त्यांच्या म्हणण्याची सत्यता पटवणारे सर्वांत सुंदर उदाहरण वांग्याच्या फुलात सापडते. त्या फुलात मकरंद नसतो आणि परागकोश सरळ उलगडत नाहीत. त्यांच्या टोकाशी केवळ बारीक छिद्रे असतात. काळा भुंगा फुलाला पायांनी घट्ट धरतो आणि पंख न हलवता उड्डाणाचे स्नायू वेगाने थरथरवतो, तेव्हा त्या कंपनाने छिद्रांतून परागकणांचा फवारा बाहेर पडतो. मधमाशीला ही विद्या अवगत नाही, म्हणून मधपेटी जवळ असूनही वांग्याला तिचा फारसा उपयोग होत नाही. टोमॅटोच्या फुलाची घडणही अशीच कंपनाला अनुकूल असते, मात्र वाऱ्याने फूल हलले तरी त्याचे बरेचसे काम भागते.

आंब्याच्या मोहोरावर मधमाश्यांबरोबरच एरवी किळसवाण्या वाटणाऱ्या माश्यांचीही मोठी वर्दळ असते आणि फळधारणेत त्यांचा वाटा मोलाचा असतो. जास्वंदीपाशी लांब, बाकदार चोचीचा सूर्यपक्षी येतो. दोडक्याची पिवळी आणि दुधीची पांढरी फुले तर संध्याकाळी उमलतात, कारण त्यांचे ग्राहक प्रामुख्याने लांब सोंडेचे निशाचर पतंग असतात.

या साऱ्यांना फुलांइतकीच घराची गरज असते, आणि इथेच नीटनेटकेपणाचा आग्रह बागेला महाग पडतो. भुंगा वाळक्या लाकडात किंवा बांबूत भोक पाडून पिले वाढवतो, तर एकट्याने राहणाऱ्या अनेक माश्या उघड्या मातीत बिळे करतात. म्हणून सुकलेली फांदी तोडून टाकणे आणि वाफ्यांभोवतीची जमीन सिमेंटने झाकणे म्हणजे त्यांना हुसकावून लावणेच होय. परागवाहक तरीही येत नसतील तर भोपळ्याचे ताजे नर फूल तोडून, पाकळ्या मागे सारून, त्याचे पुंकेसर मादी फुलाच्या कुक्षीवर सकाळीच हलके फिरवावे. कीटकनाशकाची फवारणी मधमाश्या परतल्यावर, म्हणजे संध्याकाळी करावी असे सांगितले जाते आणि भोपळ्यापुरते ते योग्यही आहे. पण दोडका आणि दुधी यांची फुले नेमकी त्याच वेळी उघडत असल्याने त्या वेलांवर संध्याकाळचा फवारा पतंगांच्या जिवावर बेततो, आणि म्हणून तो तेथे कटाक्षाने टाळायला हवा.