तपासणी बायकोची, नवऱ्याची कधी?

शहाद्याला लागून असलेले लोणखेडा घ्या किंवा सातपुड्याच्या पायथ्याचे दुसरे कोणतेही गाव. बाई गरोदर राहिली की आशाताई तिची नोंद करते आणि तिला रक्त तपासायला घेऊन जाते. हिमोग्लोबिन, रक्तगट, नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेल, आणि त्याचबरोबर गरमी व एचआयव्ही. बोटाला सुई टोचतात, रक्ताचा थेंब पट्टीवर सोडतात, त्यावर द्रावणाचे थेंब टाकतात. थोड्या वेळात रेघ उमटते. एकच रेघ म्हणजे चाचणी नीट झाली आणि एचआयव्हीविरुद्धची प्रतिपिंडे सापडली नाहीत. दुसरी रेघ दिसली तर पुढच्या केंद्रावर पाठवतात. तिथे तीन वेगवेगळ्या किटांवर खात्री झाल्याशिवाय कुणालाही ‘पॉझिटिव्ह’ ठरवत नाहीत. एवढे सगळे होईपर्यंत नवरा बाहेर मोटारसायकलजवळ उभा असतो. त्याचे रक्त सहसा कुणी मागत नाही, तोही देत नाही.

ही त्रुटी किती महागात पडते, हे महाराष्ट्रातल्याच एका संशोधनाने दाखवून दिले होते. पुण्याजवळ भोसरीला १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे ‘नारी’, सुरू झाली. पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत १९९३ ते १९९६ या काळात आलेल्या ९१६ स्त्रियांची तपासणी तिथल्या डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. शरीरविक्रय करणाऱ्या ५२५ जणींपैकी ४९.९ टक्क्यांना एचआयव्हीची लागण झालेली होती. तसा अंदाज होताच. धक्का बसला तो उरलेल्या ३९१ जणींमुळे. त्यांच्यात हे प्रमाण १३.६ टक्के निघाले. त्या बहुतेक संसारी बायका होत्या आणि नवऱ्याखेरीज कुणाशी संबंध नसलेल्या होत्या. तक्रार घेऊन दवाखान्यात आलेल्या स्त्रियांचा हा आकडा आहे, सगळ्या समाजाचा नव्हे. पण १९९७ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात हा निबंध आला आणि ‘एकनिष्ठ राहिले की भीती नाही’ हा सल्ला बाईपुरता तरी अपुरा ठरला. तिची जोखीम नवऱ्याच्या वागण्यावर ठरत होती.

शरीररचनाही बाईच्या विरोधात जाते. निरोध नाही आणि औषधेही चालू नाहीत, अशा स्थितीत योनिमार्गे होणाऱ्या दर दहा हजार संबंधांमागे पुरुषाकडून स्त्रीला लागण होण्याची सरासरी शक्यता आठ, तर स्त्रीकडून पुरुषाला चार. योनीतल्या श्लेष्मल त्वचेचे क्षेत्र मोठे असते आणि वीर्य तिथे बराच वेळ राहते. गुदमैथुनात ही जोखीम कैक पटींनी वाढते. स्वीकारणाऱ्याला दहा हजारांमागे सुमारे १३८. पुरुषांशी संबंध ठेवणारे अनेक पुरुष विवाहितही असतात, म्हणून हा आकडा घराबाहेरचा म्हणून सोडून देता येत नाही.

या सरासरीवर विसंबणे मात्र धोक्याचे. लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत रक्तातले विषाणू प्रचंड वाढतात. माणूस धडधाकट दिसतो, फार तर ताप येऊन जातो, आणि प्रतिपिंडे अजून तयार न झाल्याने चाचणीही निगेटिव्ह येऊ शकते. म्हणूनच जोखमीच्या संबंधानंतर तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगतात. बायको गरोदर किंवा अंगावर पाजणारी असताना नवऱ्याने या काळात तिला लागण दिली, तर बाळाला धोका सर्वांत मोठा. कारण तिचा पहिला अहवाल निगेटिव्ह म्हणून फाइलला लागलेला असतो. सिकलसेलमध्ये बायको वाहक निघाली की नवऱ्याला बोलावून तपासतात. एचआयव्हीत बायको निगेटिव्ह असली तरी नवऱ्याला बोलवायला हवे.

लिंगावर जखम किंवा लघवीच्या जागी पू असेल तर विषाणूला दार उघडे मिळते. अशा वेळी पुरुष जातो कुठे? एसटी स्टँडजवळच्या भिंतीवर ‘गुप्तरोग, कमजोरी, शर्तिया इलाज’ असे रंगवलेले असते, तिथे. मुंबईच्या वस्त्यांमध्ये रवी वर्मा, स्टीफन शेन्सुल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या ‘रिश्ता’ प्रकल्पात हेच पुढे आले. पुरुषांची खरी धास्ती धातू जाण्याची आणि कमजोरीची, एड्सची नाही. त्यामुळे संशोधकांनी वैद्य-हकिमांनाच प्रशिक्षण देऊन सोबत घेतले. सरकारी रुग्णालयातल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये या आजारांसाठी सात रंगांची औषधाची पाकिटे फुकट मिळतात. लघवीच्या जागी पू येत असेल तर करड्या रंगाचे. जोडीदारालाही बोलावून औषध देतात, नाहीतर आजार दोघांत फिरत राहतो.

पुण्यातलेच आणखी एक संशोधन २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. गुप्तरोग दवाखान्यांतल्या २,२९८ पुरुषांच्या पाहणीत सुंता झालेल्यांना एचआयव्हीची लागण बरीच कमी आढळली. गरमी, परमा यांच्याबाबत तसा फायदा दिसला नाही. शिश्नाग्रावरच्या कातडीच्या आतल्या बाजूला विषाणू ज्यांना चिकटतो अशा पेशी भरपूर असतात, हे एचआयव्हीतल्या या घटीचे कारण मानले जाते. पुढे दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडातल्या चाचण्यांत ही घट सुमारे ६० टक्के भरली. पण हे संरक्षण पुरुषाचे. लागण झालेल्या पुरुषाची सुंता केल्याने त्याच्या बायकोची लागण टळते, असे युगांडातल्या चाचणीत दिसले नाही.

बायकोला वाचवतात दोन गोष्टी. पहिली निरोध. सरकारने १९६८ मध्ये ‘निरोध’ स्वस्तात गावोगाव पोचवायला सुरुवात केली. त्याच्या कितीतरी आधी, १९२७ पासून, र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’मधून याच विषयावर लिहीत होते. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात स्त्री-नसबंदी ३७.९ टक्के, पुरुष-नसबंदी ०.३ टक्के आणि निरोधचा वापर ९.५ टक्के. ‘तिचे ऑपरेशन झाले, आता निरोध कशाला?’ हा हिशेब घरोघरी होतो. नसबंदीने गर्भ थांबतो, विषाणू नाही.

दुसरी गोष्ट एचआयव्हीवरच्या गोळ्या. पुणे आणि चेन्नईसह नऊ देशांत १,७६३ जोडप्यांवर झालेल्या ‘एचपीटीएन ०५२’ अभ्यासाचा निष्कर्ष २०११ मध्ये आला: लागण झालेल्या जोडीदाराला लवकर औषधे दिली तर दुसऱ्याची लागण ९६ टक्क्यांनी घटते. रोज गोळी घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर संबंधांतून तो पुढे जात नाही, हे आता पक्के झाले आहे. २०२३ मध्ये जगभरात लागण झालेल्या प्रौढ स्त्रियांपैकी ८३ टक्के उपचार घेत होत्या. पुरुषांपैकी ७२ टक्के.

नंदुरबारात यात हंगामाची भर पडते. दिवाळी झाली की टोळ्या ऊसतोडीला गुजरातच्या कारखान्यांवर निघतात, कुणी सुरतेच्या बांधकामावर जातो, कुणी ट्रकवर. दोष स्थलांतराचा नाही. गावची तपासणी आणि औषध-केंद्र जागेवर राहते आणि माणूस निघून जातो, ही अडचण आहे. निघण्यापूर्वी तपासणी, आणि औषध चालू असेल तर पुढच्या महिन्यांच्या गोळ्यांची किंवा तिकडच्या केंद्राची सोय, एवढे मुकादम आणि आशाताईंच्या मदतीने जमू शकते.

तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रात फुकट आहेत. २०१७ च्या कायद्याने संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि अहवाल गुप्त ठेवावा लागतो, त्यामुळे गावात बोभाटा होईल या भीतीला उत्तर आहे. आधी कुणाशी बोलायचे असेल तर १०९७ हा क्रमांक फुकट लागतो. फोन नवऱ्याने करावा. बायकोची तपासणी बहुधा आधीच झालेली असते.