उंदरांनी कुरतडलेली ट्रॅक्टरची वायरिंग : जोड द्यायचा तर नीट द्या



पावसाळ्यात ट्रॅक्टर बरेच दिवस पत्र्याखाली उभा असतो. खंडेनवमीला आपण तो धुतो, हार घालतो, नारळ फोडतो. आणि रब्बीच्या पाळीसाठी किल्ली फिरवावी तर सेल्फ हूं की चूं करीत नाही. बॉनेट उघडलं की कळतं, उंदरांनी बॅटरीमागे घर केलंय आणि वायरिंगचा जुडगा कुरतडून तांबं उघडं पाडलंय. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजवायला त्याला काही ना काही कुरतडावंच लागतं.

यावर आपला ठरलेला उपाय म्हणजे दाताने वायर सोलायची, दोन टोकं पिळायची आणि वर काळी टेप गुंडाळायची. फ्यूज उडत असेल तर त्या जागी तांब्याची तार अडकवायची. ट्रॅक्टर चालू होतो, काम भागतं. माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका गावात असाच जोड चार महिने चालला. मग इंजिनाच्या उष्णतेने टेपचा गोंद सुटला, उघडी तार बॉनेटच्या कडेला घासली आणि रात्री उभ्या ट्रॅक्टरमधून धूर निघू लागला. शेजारी सोयाबीनची पोती आणि कडब्याची गंजी होती. कुत्रं भुंकलं म्हणून घरातली माणसं उठली आणि मालाला आच लागली नाही. वायरिंग मात्र सगळी जळाली. ट्रॅक्टर बंद असताना आग कशी लागली, असं त्यांनी मला विचारलं. किल्ली काढली तरी बॅटरीपासून किल्लीपर्यंतच्या तारेत वीज असतेच, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

बारा व्होल्टने काय होतंय, असंही आपण म्हणतो. शॉक बसत नाही हे खरं, पण वायर तापते ती अँपिअरने. ५५ वॉटचे दोन हेडलाइट म्हणजे ११० वॉट. घरच्या २३० व्होल्टवर एवढ्यासाठी जेमतेम अर्धा अँपिअर लागतो. ट्रॅक्टरच्या १२ व्होल्टवर ९ अँपिअरच्या वर जातो. म्हणून घरातल्या बेलची बारीक वायर इथे चालत नाही. आणि प्लसची तार थेट चासीला टेकली तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते. तेव्हा वितळून जाणं हे फ्यूजचं काम आहे. त्याच्या जागी तुम्ही तार घातलीत, तर वितळायला वायरच उरते.

आता दुरुस्तीकडे वळू. आधी इंजिन बंद करा. चालू इंजिनावर बॅटरीची तार कधीही काढू नका, अल्टरनेटरमधले डायोड जातात. मग बॅटरीची अर्थची, म्हणजे चासीला जोडलेली तार पहिल्यांदा काढा. बहुतेक ट्रॅक्टरांत ती मायनस असते, अगदी जुन्या गाड्यांत प्लसही सापडते, बघून घ्या. हातात अंगठी किंवा कडं असेल तर काढून ठेवा.

जुडग्यावरची टेप कुरतडलेल्या जागेच्या पुढेमागे वीतभर उकला. एके ठिकाणी दात लागले म्हणजे आत आणखी कुठे लागलेले असतातच. तांबं हिरवं किंवा काळं पडलं असेल तर ओल आत शिरली आहे असं समजा आणि लखलखीत तांबं लागेपर्यंत वायर कापा. काळ्या तांब्यावर दिलेला जोड टिकत नाही. वायर तोकडी पडली तर मधे तुकडा घाला, पण तो मूळ वायरच्या जाडीचा आणि बहुतारी हवा. हेडलाइटला २.५ चौरस मिलिमीटर आणि मागच्या दिव्यांना १ ते १.५ धरली तर चूक होत नाही. रंगही मूळचाच ठेवा. सगळीकडे लाल वायर घातलीत तर पुढच्या वर्षी तुम्हालाच ओळखता येणार नाही.

जोड देण्याआधी आकसणारी नळी एका टोकात ओवून ठेवा. मागाहून ती घालता येत नाही, आणि हे विसरतंच. दोन्ही टोकं दीड-दोन सेंटिमीटर सोला, तारा एकमेकींत मिसळून पिळा आणि डाख द्या. कथिल वायरवर टेकवून नुसता थेंब पाडू नका. आधी तांबं तापवा, मग कथिल आपोआप तारांत ओढलं जातं. डाखाला राळच वापरा. बादल्यांना डाख देणारे वापरतात ते तेजाब नको, ते तांबं खातं. डाख दिलेली वायर तिथे ताठ होते आणि ट्रॅक्टरच्या थरथरीने कडेला तुटू शकते, म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंना जुडगा पक्का बांधा. डाख जमत नसेल तर दाबून बसवायचे जोड-तुकडे बाजारात मिळतात. तेही चांगले, फक्त त्यांची खास पक्कड हवी. साध्या पकडीने चेपलेला तुकडा ओढला की निघून येतो.

चार-पाच वायरी तुटल्या असतील तर सगळे जोड एकाच जागी देऊ नका, चार-चार बोटं मागेपुढे द्या. सेल्फची जाड केबल कुरतडली असेल तर तिला जोड नको, अख्खी बदला. आणि निम्म्याच्या वर वायरी गेल्या असतील किंवा जुडगा जळून एकमेकांत चिकटला असेल, तर नवीन किट घ्या. तिथे जोडत बसणं म्हणजे मजुरी वाया घालवणं आहे, असं माझं मत.

जुडग्यावर पन्हळी नळी चढवा. सायलेन्सर आणि डिझेलची नळी यांपासून तो लांब ठेवा. पत्र्याच्या भोकातून जाताना रबरी बुश असलाच पाहिजे.

फ्यूज तरीही उडतोय? मग फ्यूजच्या जागी २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब दोन वायरींनी लावा, त्या वाटेवरचे दिव्यांचे बल्ब काढून घ्या आणि बटण चालू करा. वायर कुठे चासीला टेकत असेल तर हा बल्ब लख्ख पेटेल. आता जुडगा थोडा थोडा हलवत पुढे जा. बल्ब विझला तिथे दोष आहे. याने फ्यूज वाया जात नाहीत आणि वायरही जळत नाही.

उसाच्या हंगामात कारखान्याच्या वाटेवर विशेष जपा. ट्रॉलीचा मागचा दिवा लुकलुकतो याचं कारण बहुधा अर्थ. आपण अर्थ हुकाच्या खिळीतून येईल असं धरतो, पण तिथे ग्रीस आणि गंज असतो. ट्रॉलीला अर्थची वेगळी वायर ओढा. अंधारात उभी ट्रॉली मागच्या मोटारसायकलवाल्याला दिसत नाही. म्हणून दिवा असो वा नसो, लाल रिफ्लेक्टर पुसून ठेवा.

एक गोष्ट नव्या ट्रॅक्टरवाल्यांसाठी. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ ची अट लागू झाली आणि त्यांच्या इंजिनांत डिझेल इलेक्ट्रॉनिक पेटीच्या हुकमाने सुटू लागलं. त्या पेटीकडे जाणाऱ्या बारीक वायरींना बल्ब लावून तपासू नका, पेटी जळेल. तिथे कंपनीचाच मेकॅनिक बोलवा. अशा ट्रॅक्टरवर वेल्डिंग करायची असेल तर आधी बॅटरीच्या दोन्ही तारा काढा.

उंदरांसाठी म्हणाल तर डांबरगोळ्यांचा वास चार दिवसांत उडतो. पेंड, पोती आणि कडबा ट्रॅक्टरपासून लांब ठेवा आणि पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून बघा.

सगळं झालं की आधी प्लसची तार लावा, अर्थची शेवटी. ठरल्या अँपिअरचा फ्यूज घाला. इंजिन बंद ठेवून दहा मिनिटं सगळे दिवे लावा आणि प्रत्येक जोडावरून हात फिरवा. एखादा जोड गरम लागला तर तो पुन्हा उघडा.