पाऊस पडला, तरी तिफण उभी का?

भुसावळहून खांडव्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, की थोड्याच वेळात सावदा स्टेशन येते. जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यातले हे गाव केळीसाठी प्रसिद्ध आहे. उत्तरेला सातपुड्याची निळी रांग, दक्षिणेला तापी नदी आणि मध्ये काळ्या, खोल, कसदार मातीचा सपाट पट्टा. केळीच्या बागांच्या जोडीला इथे कापूस, ज्वारी, मका ही पिकेही घेतात.

समजा, जूनचा महिना आहे. रात्री धो धो पाऊस झाला आणि सकाळी लख्ख ऊन पडले. तुम्हाला वाटेल, आता शेताशेतांत पेरणीची झुंबड उडाली असेल! पण पाहावे तर तिफण भिंतीला टेकवलेली, बैल गोठ्यात आणि ट्रॅक्टर छपराखाली. बांधावर एक शेतकरी मात्र उभा आहे. तो वाकून मूठभर माती उचलतो, दाबून पाहतो आणि मान हलवतो. “अजून वाफसा नाही,” असे म्हणून तो घरची वाट धरतो.

महिनाभर आभाळाकडे डोळे लावून बसलेला हा माणूस पाऊस पडल्यावर का थांबला? आणि हा वाफसा म्हणजे आहे तरी काय? कोणी त्याला वापसा असेही म्हणतात. शब्द एवढासा, पण त्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र ही तिन्ही शास्त्रे दडलेली आहेत.

माती म्हणजे निम्मी पोकळीच

मातीचे ढेकूळ आपल्याला भरीव वाटते. प्रत्यक्षात चांगल्या, भुसभुशीत जमिनीत जवळजवळ निम्मी जागा कणांची असते आणि निम्मी पोकळ असते. या पोकळीत पाणी आणि हवा एकत्र राहतात. पाऊस पडला, की पाणी पोकळीत शिरते आणि हवेला हाकलून लावते. पुढे मोठ्या पोकळ्यांतले पाणी गुरुत्वाकर्षणाने खाली झिरपते आणि तिथे पुन्हा हवा येते. बारीक पोकळ्यांत मात्र केशाकर्षणामुळे पाणी धरून ठेवलेले असते. मोठ्या पोकळ्यांत हवा आणि बारीक पोकळ्यांत पाणी, अशी वाटणी झाली, की जमिनीला वाफसा आला असे समजावे.

हलक्या, मुरमाड जमिनीत मोठ्या पोकळ्या पुष्कळ. तिथे दुसऱ्याच दिवशी वाफसा येऊ शकतो. भारी काळ्या जमिनीला मात्र चार-पाच दिवस किंवा त्याहूनही जास्त लागू शकतात. असे का?

काळ्या मातीचा स्वभाव

काळ्या मातीत चिकण कणांचे प्रमाण फार मोठे असते. ०.००२ मिलिमीटरपेक्षा लहान कणांना चिकण कण म्हणतात. आपल्या काळ्या जमिनीतले पुष्कळसे चिकण कण माँटमोरिलोनाइट नावाच्या खनिजाच्या जातीचे असतात. फ्रान्समधल्या माँटमोरियाँ या गावावरून त्याला हे नाव मिळाले. वहीची पाने एकावर एक असावीत, तसे त्याचे अतिसूक्ष्म पापुद्रे असतात. शुद्ध माँटमोरिलोनाइटच्या एका ग्रॅममधले सगळे पापुद्रे सुटे करून पसरता आले, तर त्यांचा पृष्ठभाग सुमारे ७०० ते ८०० चौरस मीटर भरेल. कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. म्हणजे चिमूटभर चिकणमातीत पाच-सहा कबड्डीची मैदाने मावली!

या पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरते आणि माती फुगते. पाणी गेले, की ती आकसते. उन्हाळ्यात काळ्या रानात पडलेल्या भेगा तुम्ही पाहिल्या असतील. पहिल्या पावसाचे पाणी या भेगांतून सरसर खाली जाते. पण माती फुगून भेगा मिटल्या, की पाण्याची वाट बंद होते. मग पाणी जागच्या जागी तुंबते. शेतकरी म्हणतो, “रान चिबडले.”

चिखलात औत घातले तर?

शहाणा शेतकरी ओल्या काळ्या रानात औत घालीत नाही, कारण तसे केले तर त्याचे नुकसान त्या एका दिवसापुरते राहत नाही.

सडकेचे काम चाललेले तुम्ही पाहिले असेल. मुरूम पसरतात, त्यावर पाणी मारतात आणि मग रूळ फिरवतात. पाणी कशासाठी? ओलाव्यामुळे कण एकमेकांवरून सहज सरकतात आणि रुळाच्या भाराने जवळ येऊन घट्ट बसतात. सडकेला हेच हवे असते. ओल्या शेतात ट्रॅक्टर घातला, की चाकांखाली नेमके हेच घडते. मोठ्या पोकळ्या मिटतात, हवेची वाट बंद होते. नांगराचा फाळ ओली माती लिंपल्यासारखी दाबत जातो आणि त्याच्या खाली कठीण थर तयार होतो. पुढे मुळ्या त्या थरापर्यंत जाऊन आडव्या पसरतात. वरची माती वाळल्यावर विटेसारखी ढेकळे होतात आणि ती फोडण्यासाठी वखराच्या जादा पाळ्या द्याव्या लागतात. एका दिवसाच्या घाईची किंमत सबंध हंगामभर मोजावी लागते.

येथे तुम्ही विचाराल, मग कोकणात भातासाठी मुद्दाम चिखलणी करतात ती का? प्रश्न रास्त आहे. भाताला पाणी साचलेलेच हवे असते. चिखलणीने पोकळ्या मोडतात, म्हणून पाणी खाली झिरपत नाही. आणि भाताच्या खोडात व मुळांत हवेच्या नळ्या असतात, त्यांतून पानांकडची हवा मुळांपर्यंत पोहोचते. कापसाला किंवा केळीला अशी सोय नाही.

बी गुदमरते

बी जिवंत असते. रुजताना ते जोराने श्वसन करते आणि त्यासाठी त्याला ऑक्सिजन, म्हणजे प्राणवायू लागतो. एक लिटर हवेत सुमारे पाव ग्रॅम ऑक्सिजन असतो. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम विरघळतो, म्हणजे हवेतल्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढा. शिवाय पाण्यातून ऑक्सिजन पसरण्याचा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी असतो. तुंबलेल्या मातीतला साठा काही काळातच संपतो आणि नवा येत नाही. बी कुजते. उगवलेच, तर रोप पिवळे पडते, कारण प्राणवायू नसलेल्या मातीत काही जीवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि पिकाचे नत्र वायुरूपाने उडून जाते.

सावद्याकडे जून-जुलैत लावलेल्या केळीला मृगबाग म्हणतात. केळीच्या बहुतेक मुळ्या जमिनीच्या वरच्या थरातच असतात. म्हणून या दिवसांत शेतकरी पाणी देण्याइतकीच जादा पाणी बाहेर काढण्याची काळजी घेतो आणि चर मोकळे ठेवतो.

सूर्याचे उधार

आता हिशेब करू. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. एका एकरात सुमारे ४,०४७ चौरस मीटर असतात. म्हणजे ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर एका एकरावर दोन लाख लिटर पाणी पडले! यातले काही वाहून जाते, काही मुरते. वरच्या थरातले जादा पाणी हटवायचे काम मुख्यतः सूर्य आणि वारा करतात.

एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत आठ लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत तापवता येईल. ऊन आणि कोरडा वारा असला, की ही उष्णता भराभर मिळते. आभाळ भरलेले, हवा दमट आणि मधून मधून सरी, असे असले, की दिवसामागून दिवस जातात, पण वाफसा येत नाही.

समजा, एका बैलजोडीने दिवसात ४ एकर पेरणी होते आणि शेत १२ एकर आहे. तर वाफशाचे तीन दिवस हवेत. दोनच दिवस मिळाले आणि पुन्हा पाऊस आला, तर ४ एकर राहिले. मूग आणि उडीद यांसारखी कमी दिवसांची पिके तर वेळेत पेरली नाहीत, तर उत्पन्न घटते. घाई केली तर माती बिघडते, उशीर केला तर हंगाम हुकतो. बांधावर उभा असलेला शेतकरी मूठभर मातीत हाच हिशेब पाहत असतो.

अमेरिकेतल्या मक्याच्या पट्ट्यातही हेच घडते. तिथे पेरणी वसंत ऋतूत होते. ओली जमीन तापायला वेळ लागतो आणि जमीन साधारण १० अंशांच्या वर गेल्याशिवाय मका नीट रुजत नाही. २०१९ साली तिथे वसंतात इतका पाऊस झाला, की सबंध देशात १ कोटी ९० लाखांहून अधिक एकर जमीन पेरणीविना राहिली. भलीमोठी यंत्रे दाराशी होती, पण वाफसा नव्हता!

मे महिन्यातला पाऊस

आपल्याकडे २०२५ साली वेगळाच प्रसंग आला. मोसमी वारे केरळात २४ मे रोजी आणि मुंबईत २६ मे रोजी पोहोचले. त्यांच्या नेहमीच्या तारखा १ जून आणि ११ जून. त्याआधीही राज्यात मेभर अवकाळी सरी पडतच होत्या. खरे तर मे महिना नांगरट आणि वखरणीचा. उन्हात ढेकळे तापतात, तणांच्या मुळ्या वाळतात, किडींचे कोष उघडे पडून मरतात. अशा वेळी रान ओले झाले, तर मशागत अडते आणि उलट तणच उगवते.

पाऊस लवकर आला म्हणून पेरणीही लवकर करावी, असे अनेकांना वाटले. पण २९ मेनंतर मोसमी वाऱ्यांची वाटचाल जूनच्या मध्यापर्यंत थबकली. अशा उघडिपीत वरची माती झपाट्याने वाळते आणि नुकतेच मोड आलेले बी करपते. मग दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याचा खर्च पुन्हा. म्हणूनच ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर आणि वाफसा आल्यावरच पेरा, असे कृषी विभाग सांगतो. या आकड्यामागचे गणित सोपे आहे. भारी जमिनीचा १ सेंटिमीटर थर ओला व्हायला अंदाजे २ मिलिमीटर पाणी लागते असे धरा. मग ८० मिलिमीटर पावसाने ओल ४० सेंटिमीटर खोल जाते. वरचा थर वाळला, तरी मुळांना खाली पाणी सापडते.

यावर एक जुना उपाय आहे, धूळपेरणीचा. पाऊस येण्याआधीच कोरड्या मातीत बी टाकून ठेवायचे, म्हणजे वाफशाची वाट पाहायला नको. यात पैज पावसाशी असते. हैदराबादजवळ १९७२ साली स्थापन झालेल्या ‘इक्रिसॅट’ या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने काळ्या जमिनीसाठी कोरड्या पेरणीला रुंद वरंबा आणि सरी यांची जोड दिली. बी उंच वरंब्यावर राहते, जादा पाणी सरीतून वाहून जाते. आज महाराष्ट्रात हीच पद्धत ‘बीबीएफ’ या नावाने ओळखली जाते.

तुम्हीच करून पाहा

पहिला प्रयोग मुठीचा. पावसानंतर दुसऱ्या दिवसापासून रोज शेतातली चार बोटे खोलीवरची माती घ्या आणि मुठीत दाबून गोळा करा. गोळा कमरेच्या उंचीवरून खाली टाका. तो चपटा होऊन चिकटला, तर रान अजून ओले आहे. फुटून मोकळा झाला, तर वाफसा आला. गोळाच झाला नाही, तर माती फार कोरडी आहे.

दुसरा प्रयोग वळीचा. माती तळहातांमध्ये वळून दोरीसारखी बारीक करा. ३ मिलिमीटर जाडीपर्यंत न तुटता वळता आली, तर औत घालू नका. त्याआधीच तिचे तुकडे पडू लागले, तर जमीन मशागतीला योग्य झाली. मातीच्या अशा अवस्था मोजण्याची रीत स्वीडनचे शास्त्रज्ञ आल्बर्ट आटरबर्ग यांनी १९११ साली मांडली आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत हीच ३ मिलिमीटरची वळी वळतात.

तिसरा प्रयोग ओलावा मोजण्याचा. १०० ग्रॅम ओली माती पसरट भांड्यात घेऊन, मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली मंद आचेवर, वजन कमी व्हायचे थांबेपर्यंत वाळवा. ८० ग्रॅम उरली, तर २० ग्रॅम पाणी होते. २० भागिले ८०, गुणिले १००, म्हणजे ओलावा २५ टक्के.

शाळेत पर्जन्यमापक असेल, तर त्याच्या शेजारी एक वही ठेवा. पाऊस किती पडला, ऊन होते की आभाळ, गोळा कोणत्या दिवशी फुटला, हे रोज लिहा. एक नोंद हलक्या जमिनीची आणि एक भारी जमिनीची ठेवा. चार महिन्यांत तुमच्या गावच्या वाफशाचा इतिहास तयार होईल. मग ही वही घेऊन एखाद्या जुन्या, जाणत्या शेतकऱ्याकडे जा आणि त्याच्या मुठीचा अंदाज तुमच्या आकड्यांशी ताडून पाहा. कोण किती अचूक ठरते, ते तुम्हालाच कळेल.