मोबाईलवरचा आवाज खरा कशावरून?



गटातल्या एखाद्या ताईने 'माझं कर्ज मंजूर झालंय' असं नुसतं तोंडी सांगितलं, तर लगेच पैसे निघतात का? नाही. बैठक होते, ठराव होतो, प्रोसिडिंगवर सह्या होतात, मगच रक्कम हातात पडते. पैशाच्या बाबतीत आपण इतक्या पक्क्या आहोत. पण निवडणुकीच्या दिवसांत मोबाईलवर आलेला व्हिडिओ मात्र आपण क्षणात पुढच्या दहा जणींना पाठवतो. मत हे काय कर्जापेक्षा हलकं आहे?

आता एआय म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. माणसाच्या बोलण्याचा थोडासा नमुना दिला, की कॉम्प्युटर त्याच आवाजात हवं ते वाक्य बोलून दाखवतो. चेहराही हुबेहूब हलवतो. यालाच डीपफेक म्हणतात. तो माणूस ते कधी बोललेलाच नसतो.

हे परदेशात घडून गेलंय. स्लोव्हाकिया या युरोपातल्या छोट्या देशात 30 सप्टेंबर 2023 रोजी मतदान होतं. त्याच्या दोनच दिवस आधी एका मोठ्या पक्षाच्या नेत्याच्या आवाजातली बनावट ऑडिओ क्लिप पसरली. निवडणुकीत गडबड कशी करायची, यावर तो बोलतोय असं त्यात ऐकू येत होतं. त्यामुळेच निकाल फिरला असं म्हणता येणार नाही, पण खुलासा करायला वेळ फार थोडा उरला होता. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात जानेवारी 2024 मध्ये पक्षांतर्गत निवडणुकीच्या तोंडावर मतदारांना फोन गेले. आवाज राष्ट्राध्यक्ष बायडेन यांचा, निरोप असा की आत्ता मत देऊ नका, नोव्हेंबरसाठी राखून ठेवा. तो आवाज नकली होता. ते फोन करवणाऱ्याला पुढे 60 लाख डॉलर दंड झाला, पण मतदान तोवर होऊन गेलं होतं.

या दोन्ही ठिकाणी वेळ कशी साधली बघा. आपल्याकडेही मतदान संपण्याआधीचे 48 तास जाहीर प्रचार बंद असतो. सभा थांबतात, भोंगे थांबतात, पण मोबाईल थांबत नाही. खोट्याला एक रात्र पुरते, खऱ्याला उत्तर द्यायला सवड मिळत नाही. भारताच्या निवडणूक आयोगाने मे 2024 मध्ये पक्षांना बजावलं, की असा बनावट मजकूर लक्षात आणून दिल्यावर 3 तासांच्या आत काढून टाका. पण 3 तासांत तो किती गावं फिरून येतो, ते आपल्याला माहीतच आहे.

याची उलट बाजूही आहे. खरंच काही वावगं बोललेला माणूसही 'ते एआयने केलंय' म्हणून हात झटकू शकतो. म्हणून सगळंच खोटं मानायचं नाही. विचारायचं आणि पडताळायचं.

गटात एवढं ठरवूया:

1. मतदानाच्या आधीच्या दोन दिवसांत आलेला खळबळजनक व्हिडिओ किंवा ऑडिओ पुढे पाठवायचा नाही.
2. 'हे आधी कुठे आलं? वर्तमानपत्रात आहे का?' असं पाठवणाऱ्याला विचारायचं. 'सगळीकडे फिरतंय' हे उत्तर नव्हे.
3. 'तारीख बदलली', 'यादीत तुमचं नाव नाही' असे निरोप आले, तर बीएलओंना किंवा तहसील कार्यालयात विचारायचं. लोकसभा-विधानसभेसाठी 1950 हा हेल्पलाईन नंबर आहे.
4. 'कोणाला मत दिलं ते आम्हाला कळतं' असं कोणी म्हटलं तर घाबरायचं नाही. मत गुप्त असतं.

देशाच्या पहिल्या निवडणुकीत, 1951-52 साली, सुमारे 28 लाख बायांची नावं यादीतून वगळावी लागली होती. त्यांनी स्वतःचं नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच सांगितलं होतं. आज आपण गटाच्या रजिस्टरवर स्वतःच्या नावाने सही करतो. स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. ग्रामपंचायतीला उभ्या राहणाऱ्या आपल्याच एखाद्या ताईचा नकली व्हिडिओ उद्या गावात फिरला, तर तिच्या पाठीशी कोण उभं राहणार? म्हणून येत्या मासिक बैठकीत हा विषय घ्या, वरचे चार मुद्दे मोठ्याने वाचा आणि ठराव लिहा.