हत्ती-सील : वाढलेली संख्या, हरवलेली विविधता

उत्तर पॅसिफिक महासागरात राहणाऱ्या हत्ती-सील या सस्तन प्राण्याच्या प्रौढ नराला सोंडेसारखे लोंबते नाक असते, त्याचे वजन दोन टनांच्या आसपास जाते आणि कातडीखालच्या चरबीच्या जाड थराच्या बळावर विणीच्या हंगामात तो सुमारे तीन महिने अन्नावाचून किनाऱ्यावर काढतो. हीच चरबी त्याच्या मुळावर उठली. दिव्यांसाठी आणि वंगणासाठी तेल मिळवणाऱ्या एकोणिसाव्या शतकातील शिकाऱ्यांनी, जमिनीवर धड पळताही न येणाऱ्या या प्राण्याची इतकी कत्तल केली की १८८० च्या दशकानंतर तो नामशेष झाला असेच मानले जाऊ लागले.

१८९२ मध्ये स्मिथसोनियन संस्थेसाठी गेलेल्या चार्ल्स टाउनसेंड यांच्या पथकाला मेक्सिकोच्या ग्वादालूपे बेटावर मोजकेच सील आढळले आणि त्यांपैकी सात संग्रहालयासाठी मारण्यात आले. जात वाचणार नाही, तेव्हा निदान नमुने तरी राहावेत, हा त्यामागचा तर्क होता. तो निव्वळ क्रौर्यातून नव्हे तर शास्त्रीय खात्रीतून आला होता, हे अधिक अस्वस्थ करते. तरीही जात टिकली, कारण हे सील वर्षाचा बहुतांश काळ खोल समुद्रात घालवतात आणि किनाऱ्यावर दिसतो तो कळपाचा केवळ एक भाग असतो.

१९२२ मध्ये मेक्सिकोने ग्वादालूपे बेटाला संरक्षण दिले, पुढे अमेरिकेतही शिकारबंदी आली आणि १९७२ च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्याने तिला भक्कम आधार मिळाला. कॅलिफोर्नियातील आन्यो नुएव्हो येथे १९६१ मध्ये पहिले पिल्लू जन्मले. आज या जातीची एकूण संख्या दोन लाखांच्या घरात आहे.

परंतु हे सर्व सील त्या मूठभर पूर्वजांचेच वंशज आहेत. संख्या अशी एकदा अतोनात घटली की जनुकांचे अनेक पर्याय कायमचे नाहीसे होतात. या अवस्थेला जीवशास्त्रात ‘आनुवंशिक कोंडी’ म्हणता येईल. त्यातच या जातीत थोडेच बलिष्ठ नर बहुतेक माद्यांशी समागम करतात, म्हणजे वंशाला हातभार लावणारे पूर्वज दिसत होते त्याहूनही कमी असणार. बॉनेल आणि सेलँडर यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तपासलेल्या प्रथिनांबाबत निरनिराळ्या सीलमध्ये काहीही फरक आढळला नाही. शिकारबंदीने संख्या भरून निघते. विविधता मात्र नव्या उत्परिवर्तनांतूनच साठत जाते आणि त्यासाठी हजारो पिढ्या लागतात.

अशा एकसारख्या कळपाला साथीचा धोका अधिक, असे अनुमान साहजिक असले तरी ते सरसकट करता येत नाही. अर्जेंटिनातील व्हाल्देस द्वीपकल्पावर २०२३ मध्ये एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूमुळे सुमारे १७,००० पिल्ले, म्हणजे त्या हंगामातील बहुतेक सर्वच, दगावली. ती मात्र दक्षिणी हत्ती-सील या वेगळ्या जातीची होती आणि त्या जातीत आनुवंशिक विविधता बरीच अधिक आहे. म्हणूनच संरक्षणात शिकारबंदीच्या जोडीला देखरेखही महत्त्वाची ठरते : आन्यो नुएव्होत विणीच्या काळात पर्यटकांना मार्गदर्शकासोबतच सोडले जाते, आणि सांताक्रूझ येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे संशोधक १९६० च्या दशकापासून तिथल्या सीलना खुणेचे बिल्ले लावून त्यांच्या नोंदी ठेवत आले आहेत.